क्लच प्लेट, दुसरं गेट आणि बाबांचा डावा पाय



मागच्या आठवड्यात ग्रुपवर बडोद्याच्या एका काकांनी त्यांच्या घरच्या पहिल्या स्कूटरची आठवण लिहिली आणि खाली इंदूर, ग्वाल्हेर, फोंडा, हैदराबाद अशा सगळीकडच्या लोकांनी आपापल्या लुना, बजाज, फियाट बाहेर काढल्या. मीही लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळींत काही बसेना. म्हणून आज रविवार बघून सवडीने लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा ठेवून या.

आम्ही बेळगावचे. आजोबा आजऱ्याकडून इकडे आले, शहापुरात भाड्याच्या खोलीत राहिले. पुढे बाबांनी टिळकवाडीत घर बांधलं. बाबा टर्नर. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करणारा माणूस. घरात कुणी दार जोरात लोटलं तरी "बिजागरीला काय वाटत असेल?" असं विचारणारा.

अशा माणसाने १९९४ साली पन्नाशीला आल्यावर पहिली गाडी घेतली. पांढरी मारुती ८००, सेकंडहँड, एकतीस हजार किलोमीटर चाललेली. चार गिअर, तारेचा क्लच. आईने नारळ फोडला, कुंदा वाटला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाबांनी मला उठवलं. मी वीस वर्षांचा. वॅक्सिन डेपोकडच्या मोकळ्या रस्त्यावर माझी शाळा सुरू झाली.

पहिले दोन दिवस गाडी चालवायलाच मिळाली नाही. नुसता क्लच. इंजिन चालू, पहिला गिअर, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, क्लच हळूहळू सोडायचा आणि गाडी नुसत्या क्लचवर चालायला लागते ती जागा पायाने ओळखायची. "डोळ्यांनी नको, पायाने ओळख," बाबा म्हणायचे. "पायाला कळलं पाहिजे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी पळाली. गिअर टाकून झाला तरी माझा डावा पाय क्लचवरच. पटकन सापडावा म्हणून मी तो तिथेच ठेवायचो. बाबा बाजूच्या सीटवरून गुडघ्यावर चापट मारायचे. "पाय खाली. ते पायपुसणं नव्हे."

मला वाटायचं, मी दाबत तर नाहीये, नुसता टेकवलाय. त्यात काय एवढं?

ते काय एवढं हे मला १९९७ साली कळलं. ८०० ची क्लच प्लेट बदलायला आली, तेव्हा बाबा मला मुद्दाम मेस्त्रींकडे घेऊन गेले. मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून प्लेट हातात दिली. जेवायच्या ताटलीहून लहान, मधे स्प्रिंगा, दोन्ही बाजूंना ब्रेकच्या लायनरसारखा थर, तो रिव्हेटांनी ठोकलेला. बाबांनी विचारलं, "हे काय काम करतं सांग."

मी म्हणालो, गिअर पडायला मदत करतं.

"दोन्ही तळहात एकमेकांवर ठेव," बाबा म्हणाले. "एक हात इंजिन, एक हात चाकं. घट्ट दाबून धर. आता एक हात हलवलास की दुसरा बरोबर जातो. तापतंय काय?"

नाही.

"आता सोड. लांब धर. तापतंय काय?"

नाही.

"आता सैल धर आणि घास."

घासलं. तापलं.

"झालं तर. धरलं तर झिजत नाही, सोडलं तर झिजत नाही. मधे ठेवलं की झिजतं. गाडी उचलताना थोडा वेळ मधे ठेवावंच लागतं, त्याला इलाज नाही, त्यासाठीच ही प्लेट आहे. पण तेवढाच वेळ. तू नुसता पाय टेकवतोस ना, तेव्हा प्रेशर प्लेटची पकड इवलीशी सैल होते. तेवढी पुरते. आणि मागचं बेअरिंग उगीच फिरत बसतं ते वेगळंच."

इंजिनियरिंग कॉलेजात नंतर मला हेच सगळं आकृत्या काढून शिकवलं. पण मला कळलं होतं ते त्या गॅरेजात, दोन तळहातांत.

बाबांचे नियम ठरलेले होते. त्यात तडजोड नाही. ज्यांच्या घरात नवीन मुलं गाडी शिकतायत त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो, आजही तेवढेच खरे आहेत.

१) गिअर पडला की डावा पाय क्लचच्या बाजूला, जमिनीवर. शहरात असो की हायवेला.

२) गेट पडलं की न्यूट्रल आणि हँडब्रेक. बेळगावकरांना सांगायला नको, काँग्रेस रोडवरून टिळकवाडीत यायचं म्हणजे पहिलं गेट नाहीतर दुसरं गेट. मालगाडी आली की दहा मिनिटं गेली. लोक पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, शर्यतीला उभे असल्यासारखे थांबलेले असतात. पूर्ण दाबलेल्या क्लचने प्लेट घासत नाही हे खरं, पण रिलीज बेअरिंगवर सगळा भार येतो. आणि माणसाचा पाय थकतो. थकला की अर्धा वर येतो, मग प्लेटही घासायला लागते. बाबा तर इंजिनच बंद करायचे. मागचा हॉर्न वाजवायला लागला तरी गेट पूर्ण वर गेल्याशिवाय किल्ली फिरवायचे नाहीत.

३) चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची नाही. हँडब्रेक ओढायचा. निघताना क्लच सोडत आणायचा, गाडीचं नाक जरासं उचललं की हँडब्रेक सोडायचा. गोगटे सर्कलजवळच्या ओव्हरब्रिजवर मला हे शंभर वेळा करायला लावलं असेल.

४) उचलायची ती पहिल्यावरच. गाडी थोडी सरकतेय म्हणून सेकंडवर रेटायची नाही. आणि उचलताना इंजिन ओरडवायचं नाही. जेवढा अॅक्सिलरेटर जास्त, तेवढी ती प्लेट जास्त घासून जुळणार.

५) घाट ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर. उताराला क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही. पेट्रोल वाचतं म्हणतात ते खोटं, आणि इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर.

ती ८०० आमच्याकडे चौदा वर्षं होती. म्हापशाला ताईच्या सासरी, आंबोलीला, दर उन्हाळ्यात आजऱ्याला. त्या १९९७ च्या प्लेटनंतर दुसरी प्लेट पडली नाही. २००८ साली गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने एक फेरी मारली आणि विचारलं, "क्लच कधी बदलला?" बाबांनी साल सांगितलं. त्याला खरं वाटलं नाही.

आणि माझं काय? मी नोकरीसाठी पुण्याला गेलो. तिथे स्वतःची गाडी घेतली आणि बाबांचे सगळे नियम सिग्नलवर विसरलो. पुण्याचं ट्रॅफिक म्हणजे गाडी चालत नाही आणि थांबतही नाही, दिवसाला दीड तास मी हाफ क्लचवर. एका शनिवारी बेळगावला यायला निघालो, कात्रजच्या चढावर गाड्यांची रांग लागलेली, आणि मला जळका वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा. तो माझ्याच गाडीचा होता. अडतीस हजारांत प्लेट गेली. बाबांना फोनवर सांगितलं, गाडीच भिकार आहे म्हणालो. ते पलीकडून एवढंच बोलले, "तळहात कुठे ठेवलेस?"

असो. २०१० ला मी बेळगावला परत आलो, पुढच्या वर्षी घरात नवीन हॅचबॅक आली. मी कामाला कंपनीच्या बसने जायचो, त्यामुळे गाडी चालवायचे ते बाबाच. बाजार, बँक, आईचा दवाखाना, नात्यातली लग्नकार्यं. चौसष्ट हजार किलोमीटरला, २०१७ च्या सुरुवातीला, क्लच सेट बदलला. मेस्त्री म्हणाले, गावातल्या गावात एवढी चालली म्हणजे पायाला हात लावला पाहिजे काकांच्या. बाबा दिवसभर खुशीत होते.

आता मूळ गोष्ट.

२०१८ च्या श्रावणात एकदा मी गाडी घेऊन निघालो आणि एका चढावर गंमत झाली. अॅक्सिलरेटर दिला, इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी काही वाढेना. मंडळी, हे लक्षण ओळखून ठेवा. चौथ्या-पाचव्या गिअरवर आवाज चढतो आणि वेग तिथेच राहतो, तेव्हा प्लेट घसरतेय असं समजायचं. मी कोड्यात पडलो. प्लेट बदलून दीड वर्ष झालेलं, आणि गाडी चालली होती अकरा हजार.

मेस्त्रींकडे नेली. मला वाटलं डुप्लिकेट पार्ट टाकला असणार, त्या तयारीनेच गेलो होतो. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "दादा, उघडू या की. उघडल्याशिवाय कसं कळणार?"

उघडलं. प्लेटचा थर रिव्हेटांपर्यंत उतरलेला. प्रेशर प्लेटवर निळसर डाग, लोखंड तापून पडतात तसे. बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर. मेस्त्रींनी इंजिनाच्या मागच्या सीलवर बोट फिरवून दाखवलं, कोरडं. तेल गळून प्लेट घसरली असती तर इथे ओलं लागलं असतं म्हणाले. पार्टचा डबा त्यांच्याकडे अजून होता, तोही ओरिजिनल. मग हात पुसत म्हणाले, "पार्टची चूक न्हाई. कोण तरी पाय ठेवून चालवायलंय. घरात नवीन कोण शिकायलंय काय?"

शिकत होता की. माझा मुलगा. एकोणीस वर्षांचा, आदल्या डिसेंबरात लायसन मिळालेला. हिशेब एकदम जुळला.

मी घरी आलो आणि त्याला समोर उभं केलं. सात हजारांच्या घरात बिल झालं होतं. पैशापेक्षा मला राग होता तो याचा, की आजोबांच्या घरात जन्मलेला मुलगा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो. मी बरंच बोललो. तो म्हणाला, "बाबा, मी नाही ठेवत. आजोबांनी शिकवलंय मला." मी म्हणालो, मग काय भुताने ठेवला? त्याने आईकडे बघितलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि वर निघून गेला. पुढचे पंधरा दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. मला वाटलं, चुकला म्हणून लाजला असेल.

बाबा झोपाळ्यावर बसून हे सगळं ऐकत होते. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला त्याचंही नवल वाटलं नाही.

गणपतीच्या आधीच्या रविवारी बाबा म्हणाले, चल, खानापूर रोडला जाऊन येऊ, मूर्ती ठरवायची आहे. ते चालवायला बसले, मी बाजूला. मी सहज खाली बघितलं. गाडी तिसऱ्या गिअरवर, रस्ता मोकळा, आणि बाबांचा डावा पाय क्लचवर.

मला आधी वाटलं, आता गिअर बदलणार असतील. चौथा टाकला. पाय तिथेच. एक चौक गेला, दुसरा गेला. पाय तिथेच, चपलेसकट, पेडलवर नीट विसावलेला.

मी हसत म्हणालो, "बाबा, पाय."

"काय पाय?"

"क्लचवर आहे."

"नाही की. खाली आहे."

"बाबा, वर आहे."

त्यांनी एक क्षण खाली बघितलं. पाय दिसला त्यांना. त्यांनी तो उचलला आणि खाली ठेवला, आणि पुन्हा एकदा खाली बघून खात्री केली. मग रस्त्याकडे बघत राहिले. मूर्तिकाराकडे पोचेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. उतरल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "येताना तू चालव."

त्यांना माहीतच नव्हतं. पंचवीस वर्षं ज्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली, त्यांचा स्वतःचा पाय कुठे आहे हे त्यांच्या पायाला कळत नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. वर्षभर आई तक्रार करत होती, यांच्या डाव्या पायातली चप्पल कुठेही गळून पडते, देवळात, भाजीबाजारात, आणि हे तसेच पुढे चालत जातात. आम्ही हसायचो. विसराळू झालेत म्हणायचो. मोज्याला एकदा रक्त लागलं होतं, खडा टोचलेला, यांना पत्ता नाही. त्यावरही आम्ही "लोखंडाचा माणूस" म्हणून कौतुक केलं होतं. बाबांना साखर २००१ पासून. गोळ्या नियमित, खाण्यावर ताबा बरा. त्यामुळे आम्ही निर्धास्त.

डॉक्टरांनी त्यांना पलंगावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. एक नायलॉनचा बारीक, ताठ दोरा घेतला आणि तळव्याला ठिकठिकाणी टेकवायला सुरुवात केली. "लागलं की सांगा काका." एकदा टेकवलं, दोनदा, तीनदा, दोरा वाकेपर्यंत. मी बघत होतो. बाबा डोळे मिटून वाट बघत होते. मग म्हणाले, "लावा की डॉक्टर. मी तयार आहे."

मंडळी, त्या वेळी मी खोलीबाहेर येऊन उभा राहिलो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. साखर बरीच वर्षं असली की हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, सुरुवात सहसा पावलांपासून. काहींना मुंग्या येतात, जळजळ होते, आणि काहींना काहीच होत नाही, नुसतं कळणं कमी होतं. हे दुसरं जास्त फसवं, कारण दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही. रोज तळवे बघायचे, अनवाणी चालायचं नाही, पाण्यात पाय घालायच्या आधी हाताने गरम किती ते बघायचं. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता का?"

मी क्लच प्लेटची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि ब्रेक कुठल्या पायाने दाबतात?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी डाव्या पायाचाच विचार करत बसलो होतो. उजव्या तळव्यावरही दोरा टेकवून झाला होता, आणि उत्तर तेच होतं. प्लेट जळली म्हणून आम्ही दवाखान्यात तरी आलो. ब्रेकने सांगितलं असतं तर ते दुसऱ्या गेटवर नाहीतर एखाद्या शाळेसमोर सांगितलं असतं. सात हजारांत सुटलो आम्ही.

डॉक्टर बाबांना म्हणाले, आता गाडी नको. बाबांनी मान हलवली.

पण मंडळी, मान हलवणं वेगळं. चुकलो ते मी. मला त्यांच्या हातातून किल्ली घेववेना. मी स्पष्ट काही बोललोच नाही. किल्ली खुंटीवरून काढून कपाटात ठेवली. त्यांनी विचारलं तर म्हणायचो, सर्व्हिसिंगला द्यायची आहे. बॅटरी उतरलीय. टायर बघून घेतो. एकदा म्हणालो, जवळच जायचं असेल तर जा हो, पण हळू. आणि ते जाऊन येईपर्यंत गेटाशी उभा राहिलो. बरेच दिवस असं चाललं. नको म्हणायचं धाडस नाही आणि हो म्हणायची हिंमत नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला अंगणात बोलावलं. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

"हाफ क्लचवर ठेवायलास मला," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही.

"मला कळत नाही असं वाटतं काय तुला? बॅटरी उतरलीय म्हणे. नवीन बॅटरी मीच टाकून आणली मेमध्ये. धरायचं तर धर, सोडायचं तर सोड. असं मधे ठेवून तूही झिजतोस, मीही झिजतोय."

मग स्वतःच म्हणाले, "सोडली मी. आजपासून नाही चालवणार." आणि लगेच, "पोराला बोलव."

मुलगा खाली आला. माझ्याशी त्याचं बोलणं तसं तुटकच होतं. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ती प्लेट मी जाळली. तू नव्हेस. त्या दिवशी तुझा बाप बोलायला लागला तेव्हाच मला शंका आली होती, पण मी गप्प बसलो. ते माझं चुकलं. प्लेटीपेक्षा ते जास्त चुकलं."

मी पण मुलाची माफी मागितली. आमच्या घरात बापाने मुलाची माफी मागायची पद्धत नाही. त्या दिवशी दोन पिढ्यांनी एकदम मागितली. तो बिचारा ओशाळून गेला, म्हणाला, "जाऊ दे की आता, चहा करू काय?"

पुढच्या मे महिन्यात ताईकडे म्हापशाला गेलो. जाताना मी चालवली, येताना मुलगा. बाबा त्याच्या बाजूला, आम्ही तिघं मागे. साखळी, केरी झालं आणि चोर्ल्याचा चढ सुरू झाला. अर्ध्या घाटात पुढे एक ट्रक बंद पडलेला, चढावर वळणातच रांग लागली. गाडी चार हात सरके, थांबे, पुन्हा सरके. माझ्या पोटात गोळा, कारण हेच ते ठिकाण जिथे माणूस क्लचवर गाडी तोलायला लागतो. पुढच्या एका गाडीतून तो ओळखीचा जळका वास यायला लागला होता.

पोराने हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केली, पाय जमिनीवर. पुढची गाडी पुरेशी लांब गेल्याशिवाय हलला नाही. मग पहिला गिअर, क्लच सोडत आणला, नाक उचललं, हँडब्रेक खाली. एक इंचही मागे सरकली नाही. असं वीस-पंचवीस वेळा. बाबांचा उजवा हात सगळा वेळ हँडब्रेकजवळ होता, पण एकदाही लावावा लागला नाही. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा बाबा उतरले, गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले, बॉनेटजवळ नाक नेलं.

"वास नाही," एवढंच म्हणाले. पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो बारावीच्या निकालाला पण बघितला नव्हता.

आता बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. गाडी तीच आहे, प्लेटही तीच, २०१८ ची. मुलाला नोकरी लागलीय, आता ऑटोमॅटिक घेऊ म्हणतो. बाबांनी त्याला विचारलं, कुठलं ऑटोमॅटिक? स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांत क्लच प्लेट असतेच, फक्त पाय आपला नसून मशीनचा असतो. तीही चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरने तोलून धरली तर तापते. ब्रेक दाबून थांबायचं, हे तिथेही चुकत नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी हे त्यांनी कुठे वाचलं देव जाणे.

रोज रात्री जेवणानंतर बाबा झोपाळ्यावर बसतात आणि मी त्यांचे तळवे बघतो. बोटांच्या मधे, टाचेला, कडांना. कुठे चीर आहे काय, लाल झालंय काय. दिवा जवळ आणून बघतो. सुरुवातीला त्यांना फार संकोच वाटायचा, मुलाने पाय बघायचे म्हणजे काय. आता स्वतःच पाय पुढे करतात आणि म्हणतात, "बघ, किती थर राहिलाय."

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरातली क्लच प्लेट लवकर गेली तर मेस्त्रीशी भांडायच्या आधी, आणि पोरांवर ओरडायच्या आधी, एकदा शेजारी बसून बघा कुणाचा पाय कुठे आहे ते. घरात साखर असलेलं वडीलधारं माणूस गाडी चालवत असेल तर त्यांच्या तळव्यांची तपासणी करून घ्या. दुखत नाही म्हणतील, तरी करून घ्या. आणि थांबवायची वेळ आली तर आमच्यासारखं बॅटरी-टायर करत बसू नका. ते मोठे आहेत, त्यांना सगळं कळतं.

तुमच्या घरी किल्ली कुणी, कशी सोडली? आणि तुम्हाला क्लच कुणी शिकवला? खाली लिहा. बाबांना रोज संध्याकाळी वाचून दाखवतो.